दहाव्या मजल्यावरचं टेबल

३ जून
बाबा गेल्यापासून दुकान बंद. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, अंधारी गल्ली, आजूबाजूला सगळे मिस्त्रीच. आई म्हणाली, तुझी ती कंपनी इथंच काढ की. हसलो. मिस्त्री घरी बोलावण्याचं ॲप गल्लीत जन्मत नसतं. स्टार्टअपला हवा लागते. दहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात भाड्याने टेबल घेतलं. काचेतून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. आहेतच तेवढी.

५ जून
ॲप तयार. आता फक्त मिस्त्री हवेत. शेजारच्या टेबलावर एक जण एसीतही टोपी घालून बसतो. त्याचंही असंच ॲप आहे म्हणे. दिवसभर मला प्रश्न विचारतो. कीव येते.

११ जून
मिस्त्रींना नोंदणीला बोलावलं. पान्यांच्या पिशव्या बघून वॉचमनने गेटवरूनच पिटाळलं. फक्त बाबांचे जुने दोस्त, थोरले मिस्त्री, मागच्या जिन्याने चढून आले. धापा टाकत म्हणाले, बाळा, दुकानात बसला असतास तर चहा पिता पिता अख्खी गल्ली नोंदवली असती. नोंदवून घेतलं. खुर्ची खराब होईल म्हणून त्यांना उभंच ठेवलं.

१२ जून
टोपीवाल्याने विचारलं, दुकान भाड्याने देता? हा मजला सोडून गल्लीत चाललाय! वेड्यांना अडवू नये. आई म्हणाली, ह्यांचं दुकानातलं स्टूल तेवढं हलवू नका म्हणावं. भावनेवर धंदा चालत नाही, असं तिला समजावलं. तिने किल्ली पदराने दोनदा पुसून दिली.

२० जून
इथे कॉफी मशीनपाशी गुंतवणूकदार भेटतात. आज एक भेटला. विमा विकत होता. घेतला.

२ जुलै
ॲपवर कोणीही कसलाही मिस्त्री मागितला की थोरले मिस्त्रीच निघतात. त्यांनी माझे फोन घेणं बंद केलंय. म्हणजे मागणी प्रचंड आहे.

१५ जुलै
बिल्डिंगची मोटार जळाली, नळ कोरडे. मॅनेजर म्हणाला, अहो, तुमचं ते ॲप आहे ना, लावा की. थोरल्यांनी फोन घेतला नाही. मग मॅनेजरने टोपीवाल्याचं ॲप उघडलं. थोड्या वेळात थोरले मिस्त्रीच आले. टोपीवाल्याच्या कंपनीचा टीशर्ट, आणि लिफ्टने! वॉचमनने दार धरलं. जाताना मला म्हणाले, गल्लीतले सगळे त्याच्याकडेच आहेत. तुझ्या बाबांचं स्टूल तो रोज पुसतो, कोणाला बसू देत नाही.
डोकं दुखत होतं. लवकर घरी आलो.

३१ जुलै
टेबल सोडलं. काचेतून रोज तेच ते दिसतं. सहज दुकानाकडे गेलो. आत पाय ठेवायला जागा नाही. टोपीवाला म्हणाला, स्टुलावर बसा, तुम्ही घरचे. बसलो. अजून डुगडुगतं. बाबा सरकवायचे तशी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.
मग त्याला म्हटलं, सल्लागार म्हणून येऊ शकतो. तो म्हणाला, सल्लागार नको, फोन घ्यायला माणूस हवाय.
उद्यापासून जातो. स्टार्टअपला जागा हीच योग्य, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.