कालेतोच्या चढावरचा व्हॉल्व्ह

आधीचा कागद मी आत्ताच फाडला. त्याच्या तिसऱ्या कलमात मी पुन्हा तेच खोटे लिहिले होते. हा दुसरा.

मी, ल्युबेन गेरासिमोव्ह काल्फोव्ह, वय एकाहत्तर, निवृत्त अभियंता, राहणार दोल्नी कामेन, हे स्वखुशीने लिहीत आहे. यकृत गेले आहे, डोके गेलेले नाही. आमच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला हवे आहेत.

कलम एक. राहते घर, अंगण आणि द्राक्षवेल माझी भाची इस्क्रा हिला. तिने घर विकले तरी हरकत नाही. मात्र शेजारच्या हारालाम्पी न्हाव्याला विकू नये. माझी बायको वेन्का अंथरुणाला खिळली होती तेव्हा त्याने आमच्या अंजिराची फांदी कापली. टोमॅटोवर सावली पडते म्हणाला. वेन्काला खिडकीतून तेवढीच फांदी दिसत असे. हारालाम्पीला साक्षीदार म्हणून बोलावले आहे, ते हे त्याने ऐकावे म्हणूनही.

कलम दोन. बँकेतल्या शिल्लकीतून वेन्काच्या कबरीचा कललेला दगड सरळ करावा. उरेल ते इस्क्राचे.

कलम तीन. माझ्या कपाटामागे शिसवी लाकडाची एक लांब काठी आहे. तिचे एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे आणि आत पाणी कसे वाहते ते ऐकायचे. ती माझी नाही. ती स्तामेनकाकांची. नगराच्या जलविभागात एकतीस वर्षे सगळे व्हॉल्व्ह त्यांच्या हातात होते. ती त्यांची मुलगी नेदेल्का, बेकरीवाली, हिला परत द्यावी. माझ्याकडे ती कशी आली, ते पुढे आहे.

कलम चार. माझा संगणक आणि त्यातले नगराच्या नळांचे मॉडेल इस्क्राला. ती आता जलविभागात माझ्याच खुर्चीवर बसते. सांडपाण्याचे मॉडेल चांगले आहे, ते वापरावे. पिण्याच्या पाण्याचे २००४ सालचे मॉडेल कोणत्याही कामासाठी वापरू नये. ते जुळते, पण खोटे आहे.

त्या वर्षी वसंतात आम्हाला ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा मिळाले. नगरातला प्रत्येक नळ पडद्यावर रेघ झाला, प्रत्येक जोड ठिपका. कालेतो ही टेकडीवरची जुनी आळी. तिथला आगीच्या बंबासाठीचा नळ पूर्ण उघडल्यावर दाब साडेचार बार राहील, असे मॉडेल सांगत होते. प्रत्यक्ष उघडला तेव्हा काटा दोनवर आला.

स्तामेनकाका माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "साहेब, चढावर कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धा मिटलाय. दोन दिवस द्या, ऐकून शोधतो."

"नकाशात सगळे उघडे आहेत, काका."

"नकाशा काढणारा वर चढला होता का?"

"रस्त्यावर नवं डांबर पडलंय. आता कोण फोडू देईल?"

"मग राहू द्या. पडद्याखाली बादली ठेवा. भरली की मला हाक मारा."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मॉडेल शुक्रवारपर्यंत द्यायचे होते. जुना नळ आतून गंजून खडबडीत होतो आणि पाण्याला अडवतो. तो खडबडीतपणा मॉडेलमध्ये आपण आकड्याने भरतो. मी कालेतोच्या नळाचा आकडा वाढवत गेलो. शेवटी पडद्यावरही दोन आले. एवढा खडबडीत लोखंडी नळ जगात नसतो, हे मला माहीत होते. मी लिहिले: सर्व व्हॉल्व्ह उघडे, मॉडेल व मोजमाप जुळतात.

अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह घरातल्या नळांना पुरेसे पाणी सोडतो. म्हणून कोणाची तक्रार नव्हती. बंबाला ते पुरत नाही.

ऑगस्टमध्ये कालेतोत आग लागली. बंबाच्या पाइपातून मनगटाएवढीही धार आली नाही. मित्रा गान्चेवा, वय ऐंशी, आत राहिली.

चौकशीत माझा अहवाल समोर ठेवला गेला. वसंतात सगळे व्हॉल्व्ह उघडे होते; किल्ल्या फक्त स्तामेनकडे; म्हणजे नंतर त्यानेच एखादा मिटला असणार. मला विचारले, असे होऊ शकते का? मी हो म्हणालो. त्यांना काढून टाकले. त्यांची अवजारे कचेरीत जमा झाली आणि काठी मी घरी आणली. का आणली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चौकशी मिटली. पुन्हा मोजायला कोणी वर गेले नाही.

स्तामेनकाका २००९ मध्ये वारले. आमच्याकडे मेलेल्याचा छायाचित्रासह कागद दारांवर आणि खांबांवर चिकटवतात, वर्षे सरतात तसा पुन्हा चिकटवतात. पहिल्या वर्षाच्या कागदावर त्यांच्या फोटोखाली कोणीतरी पेन्सिलने लिहिले होते: "आणि मित्रा?" नेदेल्का रबराने ते खोडत होती. मी पलीकडच्या बाजूने गेलो.

कलम पाच. माझ्या मृत्यूच्या कागदावर फोटो नको, क्रूसही नको. एवढेच छापावे: "स्तामेन रादुलोव्ह यांनी व्हॉल्व्ह मिटला नव्हता. तो आधीपासून मिटलेला होता. मी आकडे जुळवले." तो प्रत्येक खांबावर लावावा.

कलम सहा. गेल्या महिन्यात मी नळाचा आकडा त्याच्या वयाला शोभेल एवढा ठेवला आणि मॉडेलमधला एकेक व्हॉल्व्ह मिटवून पाहिला. एक्केचाळिसाव्याला २००४ चे सगळे काटे बरोबर जुळले. तो कालेतोच्या चढावर, चांभाराच्या जुन्या दुकानासमोर, डांबराखाली असला पाहिजे. माझ्या पश्चात तिथे खोदून तो उघडावा.

इथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. पुढे जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

हारालाम्पी म्हणाला, "अंजिराचं खरंय. पण टोमॅटो तुम्हीही खाल्लेत, बरं का."

दुसरी साक्षीदार औषधांच्या दुकानातली दोरा. कलम सहावर बोट ठेवून तिने ते पुन्हा वाचले.

"म्हणजे तो अजून मिटलेलाच आहे?"

"हो."

"माझी आई वर राहते, ल्युबेनकाका. कालेतोतच. लाकडाची शेगडी पेटवते."

"माहीत आहे."

"तुम्ही मरेपर्यंत तिथे आग लागायची नाही, असं कोणाशी ठरलंय का तुमचं?"

मी म्हणालो, मला लाज वाटते.

"मेल्यावर नाही वाटणार होय? सोयीचं आहे." तिने पेन टेबलावर ठेवले. "मी सही करत नाही."

हारालाम्पी म्हणाला, "अगं, आजारी माणूस आहे."

"मित्राआजी काय धडधाकट होती?"

मग मी कलम पाच आणि सहा यांवर रेघ मारली. ही दोन्ही कामे मृत्युपत्रात लिहिण्याची नाहीत. बाकीची कलमे कायम. दोराने सही केली.

लिहून देणार: ल्युबेन गे. काल्फोव्ह
साक्षीदार: हारालाम्पी तोनेव्ह, न्हावी
साक्षीदार: दोरा मिंचेवा, औषधविक्रेती
दोल्नी कामेन, ९ मार्च २०२२

दुसऱ्या दिवशीची नोंद. सकाळी आठ वाजता इस्क्राबरोबर कचेरीत जाऊन जबाब दिला. त्यांनी दोन प्रती काढल्या. एक मी बेकरीत नेऊन दिली. साडेदहाला चढावर डांबर फोडले. व्हॉल्व्ह चांभाराच्या दुकानासमोर नव्हता, सात पावले वर होता. पूर्ण उघडायला बत्तीस फेरे. त्यातले चोवीस मिटलेले निघाले, गंज जुना होता. मग बंबाचा नळ उघडला. आधी तांबडे पाणी आले, मग स्वच्छ. नेदेल्का पिठाच्या हातांनी आली होती. पाणी बंद करेपर्यंत उभी राहिली.