ऊना क्विल्टी नात्यातली निघाली

किलमोरी फ्लॅट, व्हिक्टोरिया
२ जून १९३१

तीर्थस्वरूप होनोराताईस धाकट्या मॅलकीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बॅलारटची थंडी आणि बिशपसाहेबांचा तो दगडी मुदपाकखाना त्यांना मानवत नसणार. मी बरा आहे. बटाटे काढून झाले. समुद्रावरून आलेलं धुकं आठवडाभर शेतातून हललेलं नाही, त्यामुळे जागेपणीही झोपेत चालल्यासारखं वाटतं.

तर चर्चला पंच्याहत्तर वर्षं होतात म्हणून फादर डिनीननी प्रत्येक घराला आपलं मूळ लिहून आणायला सांगितलं. आपल्याला ठाऊक एवढंच, की कॅथरीन आजी आयर्लंडच्या दुष्काळात पोरकी होऊन जहाजात चढली आणि इकडे उतरली. (बाबा तिला जमीनदाराची लेक म्हणायचे, पण दुसऱ्या ग्लासानंतर.) म्हणून गेल्या मंगळवारी मी फादरांकडे जुन्या नोंदवह्या बघायला गेलो, तर कुंपणापलीकडची ऊना क्विल्टी आधीच तिथे बसलेली. (हो, तीच. ज्या क्विल्टींशी आपल्या घराने आज्यांच्या काळापासून अबोला धरलाय, त्यांच्यातली. का धरलाय, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही नव्हतं.)

फादर शिंकत पानं उलटत होते. आपल्या आजीच्या लग्नाची नोंद सापडली: कॅथरीन ग्रेडी, वडील टेग, आई ब्रिजेट, गाव किलरश. चार पानं पुढे ऊनाच्या आजीची: मेरी ओ'ग्रेडी (आडनाव तेच, 'ओ' तेवढा जास्त), वडील टेग, आई ब्रिजेट, गाव किलरश. शेजारी समासात त्या वेळच्या फादरांनी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'वधूची थोरली बहीण आईच्या शालीवरून भांडून जेवण सोडून गेली.'

ऊनाने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "शाल आमच्याकडे आहे, मॅलकी. कुत्रं झोपतं तिच्यावर."

धुक्यातून बरोबरच परतलो. वाटभर मला त्या दोघी दिसत होत्या. सोळा आणि चौदा वर्षांच्या, एकाच शालीत गुरफटून जहाजावर बसलेल्या, मागे किनारा पुसट होत चाललेला. आणि नंतर एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना, एकमेकींच्या चुलीचा धूर बघत म्हाताऱ्या झालेल्या. कुंपणाशी ऊना थांबली. "नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती रे," म्हणाली. मी कुंपणाची तार तिच्यासाठी वर उचलून धरली.

प्रकृतीला जप.

तुझा भाऊ,
मॅलकी कल्हेन

ता. क. ऊना आधीच येऊन बसली होती हे खरं, पण माझ्यासाठी जागा धरून. चार वर्षं झाली आमचं जमून. ऑगस्टमध्ये लग्न करायचं ठरलं होतं. आता फादर म्हणतात, आज्या सख्ख्या बहिणी निघाल्या, तेव्हा बिशपसाहेबांची लेखी परवानगी हवी. वही उघडली नसती तर कुणाला पत्ता लागला नसता. अर्ज सोबत आहे. तो त्यांना रविवारी, तुझं पुडिंग खाऊन झाल्यावर दे, आधी नको.

ता. क. दुसरा. अर्जामागे ऊनाने तुला दोन ओळी लिहिल्या आहेत. भीत भीत तुला ताई म्हटलंय. तिला उत्तर पाठव. मला नाही पाठवलंस तरी चालेल.