सात कड्यांचं दार

सोमवार, ता. ४
आलेलं सामान: पाडलेल्या घरातलं एक जुनं दार, रंगीत फरशीचे तुकडे अर्धं पोतं. मिळून चारशे, हातगाडीचे पन्नास वेगळे. भिंतीवर लावायचं साधं चित्र दुकानात बाराशेला होतं, म्हणजे देवाने बचतच केली. घर नवं, भिंती कोऱ्या. हे म्हणाले, लोक भिंतीत दार बसवतात, तू भिंतीवर टांगणार! छकुली पाच वर्षांची घोडी झाली, पण नव्या जागेत माझा पदर सोडत नाही. मुठीत चुरगळून धरते.

मंगळवार, ता. ५
दार घासलं. पितळी कड्या सात, सगळ्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला एकही नाही, नुसते ओरखडे. कुत्रं कोंडत असतील. जुन्या सामानवाल्याने बजावलं होतं, वहिनी, कड्या तेवढ्या काढू नका. पण एका दाराला सात म्हणजे उधळपट्टीच. काढल्या, लिंबू-मिठाने लखलखीत केल्या, फळीवर गोल मांडून सूर्य केला. ताईच्या वाढदिवसाला पार्सलने पाठवला. तिच्या भेटीचा खर्च वाचला.

बुधवार, ता. ६
दार हॉलच्या भिंतीवर स्क्रूंनी आवळलं, भोवती रंगीत तुकड्यांची महिरप. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं, अगदी उघडून आत जावंसं वाटतं! हे कामासाठी पंधरवडाभर बाहेरगावी गेले.

रविवार, ता. १०
छकुली दारावर टकटक करते, कान लावते आणि हसते. म्हणते, आतली मुलगीपण वाजवते. मागे भरीव वीट आहे, मिस्त्रीने स्वतः सांगितलं. तरी आज जपात मन लागलं नाही.

सोमवार, ता. ११
दाराच्या कडेला बोटभर फट. स्क्रू जागच्या जागी. फटीतून गार वारा येतो. भिंतीतून वारा? सामानवाल्याकडे धावले. कड्या काढल्या म्हटल्यावर त्याने न मागता चारशे माझ्या हातावर ठेवले आणि दार परत घ्यायला मात्र हात जोडले. परत मिळालेल्या पैशांची इतकी भीती कधी वाटली नव्हती. ताईला तातडीने लिहिलं, सूर्य मोडून कड्या परत धाड.

मंगळवार, ता. १२
दारापुढे कपाट लोटलं. अंघोळ करून आले तर कपाट बाजूला. छकुली नाही. घरभर हाका मारल्या — मग दारापाशीच दिसली, भिंतीला टेकून. देवा, तुझे उपकार. नखं मात्र झिजलेली, काळी. कशाने, सांगत नाही.

गुरुवार, ता. १४
जेवत नाही. झोपत नाही. देवापुढे बसवलं तर पाठ फिरवते. मला आई म्हणते, पण — दोन दिवसांत एकदाही पदर धरला नाही.

शुक्रवार, ता. १५
दारामागून टकटक. हळू. हुंदक्यासारखं काहीतरी.
ही कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघते. हसते.
फट ओढून पाहिली. हलत नाही.

शनिवार, ता. १६
पदर फटीतून आत सारला. आतून धरला. तसाच — मुठीत चुरगळून.
माझी छकुली आत आहे.
पदर सोडवत नाही. इथेच बसून लिहिते. हे पान काकूंकडून पोस्टात टाकवीन — ताई, कड्या लागल्या तर ती कायमची —
बेल. पोस्टमन पार्सल म्हणून ओरडतोय. नको, नको — ही उठली. धावली. हातोडी कुठे गेली —
ताई, ते तुझं नसेल, तू अजून पाठवल्या नसशील. पाठवू नकोस. उलटटपाली एवढंच कळ—