वर भरा, मग खाली उतरा

९ फेब्रुवारी, शुक्रवार
अर्ज भरला. प्रोबेट जजच्या निवडणुकीसाठी. जज क्रम्प निवृत्त होताहेत आणि गेली एकोणीस वर्षं त्यांच्या ऑफिसचा हेडक्लार्क मी, हॉइट टिडमोर. मृत्युपत्रं, लग्नाचे दाखले, गाड्यांच्या नंबरप्लेटा, मतपत्रिका, सगळं माझ्या टेबलावरून जातं. खरं तर काउंटीचा जज मीच आहे, सही तेवढी त्यांची.

अडचण एकच. आमच्या घराण्याचा पक्ष हत्ती चिन्हाचा, अलाबामात जिंकणारा. तिकडे ट्रॅक्टरवाला लॅमार पेटस आधीच बाशिंग बांधून बसलेला. म्हणून शेवटच्या दिवशी, पावणेपाचला, समोरच्या, गाढव चिन्हाच्या पक्षातून अर्ज दिला. तिकडे कोणीच नव्हतं. अध्यक्षा मिस ऑझेला, वय अठ्ठ्याहत्तर, मला तिसरीत शिकवायच्या. म्हणाल्या, बाळा, नीट विचार केलायस ना? मी म्हटलं, मागे फिरणाऱ्यातला मी नाही.

बायकोला, अर्लीनला, रविवारी सांगेन.

११ फेब्रुवारी, रविवार
अर्लीनला चर्चमध्ये पाळकांच्या बायकोकडून कळलं. परतताना तिने गाडीचं दार धाडकन आपटलं. जेवायला तिचा धाकटा भाऊ ड्युई होता. म्हणाला, दाजी, गाढवावरून धिंड काढतात हे ऐकून होतो, पण आपणहून चढून बसलेला माणूस पहिल्यांदा पाहिला. अर्लीन हसली. म्हणजे राग ओसरतोय.

२ जुलै, सोमवार
आजपासून बिनपगारी रजा. उमेदवाराने मतपत्रिकांच्या आसपास दिसू नये, असं जज क्रम्पांचं म्हणणं. अर्लीन म्हणाली, हरलास तर त्या ट्रॅक्टरवाल्याच्या हाताखाली जाशील, आणि त्याने ठेवलं तरच. मी म्हटलं, तो प्रश्नच येत नाही. जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

१० जुलै, मंगळवार
मिस ऑझेलांकडे गेलो. समजा, एखाद्याला अर्ज मागे घ्यायचा असेल तर काय करतात, अशी नुसती चौकशी करायला. ओसरीत माझ्या नावाच्या चारशे पाट्या. त्यांच्या चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी पीच फळाचे गोड पाय भाजून, विकून छापून घेतल्या. पाटीवरचा माझा फोटो पाहून त्या म्हणाल्या, या काउंटीत चाळीस वर्षं हरतेय रे मी, पण असा उभा राहणारा माणूस पाहिला नव्हता.
चौकशी केली नाही. वीस पाट्या घेऊन परत.

२२ सप्टेंबर, शनिवार
माझी मासळीची जेवणावळ. कॅटफिश, मक्याची भजी, गोड गार चहा, दोनशे माणसांचा बेत. नेमकी फुटबॉलची मॅच. अलाबामात मॅचच्या शनिवारी आपल्या आजोबांची प्रेतयात्रासुद्धा कोणी ठेवत नाही, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. अकरा जण आले. निवडक, पण दर्जेदार.

भाषण उत्तम झालं. मतपत्रिका समजावली. सगळ्यात वर पक्षांची वर्तुळं असतात. हत्तीचं वर्तुळ भरलं की खालच्या सगळ्या हत्तीवाल्यांना आपोआप मत जातं. आमच्या गावात नव्वद टक्के लोक तेवढं भरतात आणि चालू लागतात. मी म्हटलं, खुशाल भरा! पण मग खाली उतरा, माझ्या नावापुढचं वर्तुळही भरा. तेवढं एक मत मला, बाकी सगळी हत्तीला. कायदाच तसा आहे. घोषणाही तिथेच सुचली: ‘वर भरा, मग खाली उतरा.’

ड्युई तोंडात मासा घेऊन म्हणाला, दाजी, आजोबांनी मरताना हात धरून सांगितलंय, वरचं वर्तुळ भरायचं आणि घरी यायचं. मला इकडेतिकडे उतरायला लावू नका.
ड्युईचं मत सोडून दिलं. डोक्याने जरा जडच आहे.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
पेटसने दोन शेतकऱ्यांना बिघडलेले ट्रॅक्टर विकले म्हणे. लोक चिडलेत. मिस ऑझेला म्हणतात, वारं फिरतंय. अर्लीन चक्क माझी पाटी स्वतःच्या हाताने अंगणात ठोकत होती. पहिल्यांदा वाटलं, खरंच होईल.

६ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेसात
मतदान केलं. आठ सेकंद! आत लोक चष्मे पुसत अर्धा अर्धा तास घोळतात. माझा हात तीस वर्षांचा सरावलेला. वरचं वर्तुळ काळं, कागद मशीनमध्ये, ‘मी मत दिलं’चं स्टिकर शर्टावर. बाहेर येऊन एका आजींना घोषणा पुन्हा समजावली.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
फेरमोजणीही झाली. पेटस २३११. मी २३१०.
एक मत.
मिस ऑझेलांनी मला मिठी मारली. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, चाळीस वर्षांत इतक्या जवळ कोणी आलं नाही. अर्लीन म्हणाली, ते एक मत कुणाचं ते मला पक्कं ठाऊक आहे. मलाही. मेहुणा म्हणून पोसला आणि त्याने घात केला.

२२ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
टर्कीला सुरी लागायच्या आत अर्लीनने ड्युईला धरलं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला एक मत देववलं नाही तुला? ड्युईने पेन्सिल मागितली आणि कागदी रुमालावर मतपत्रिका काढून दाखवली. ताई, हे बघ, वर आजोबांसाठी भरलं. मग चष्मा लावून इथवर उतरलो आणि दाजींचं भरलं. त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं होतं.
मग माझ्याकडे वळून सहज म्हणाला, दाजी, तुम्ही कसं भरलंत?

मी तोंड उघडलं. वरचं हत्तीचं वर्तुळ, मशीन, स्टिकर. मी खाली उतरलो नव्हतो. पेटसचं एक कमी, माझं एक जास्त, आणि आज मी जज असतो.
म्हटलं, रस्सा इकडे सरकव.

ड्युईने माझ्याकडे बघत रस्सा सरकवला आणि तो कागदी रुमाल चुरगळून खिशात घातला. मग बहिणीला म्हणाला, ताई, खोटं कशाला बोलू, माझीच चूक. चष्मा घरी राहिला होता. वरचं भरलं आणि आलो निघून.
अर्लीनने त्याला जेवणानंतरचा गोड पाय वाढला नाही. मला दोन तुकडे वाढले. मी दोन्ही खाल्ले.

१५ जानेवारी, मंगळवार
जज पेटसनी ठेवून घेतलं. तेच टेबल, तीच खुर्ची. पहिलं काम: मत कसं भरावं, याचा सोपा तक्ता बनवणे. म्हणाले, टिडमोर, लोक गोंधळतात, आणि यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?

दुपारी ड्युई ट्रकची नंबरप्लेट घ्यायला माझ्याच खिडकीशी आला. हळूच म्हणाला, ताई अजून फोन उचलत नाही. तुम्ही शब्द टाकाल का, दाजी? मी शिक्का मारला. म्हटलं, बघतो.

संकल्प: आज अर्लीनला सगळं सांगायचं.
घरी आलो तर तिने पेकनचा गोड पाय केलेला, खास माझ्यासाठी. गरम असतानाच खावा लागतो.
रविवारी सांगेन.