उभ्या गाडीचा खटका

बाई, आई असून तुला मी बाईच म्हणत आले; तू ही गाडी पाहिलीच नाहीस, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते. तू गेल्यावर सात वर्षांनी बाबूजींनी ती घेतली. पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी. घोडेगावात आपल्याला गाडीचं काम ते काय? कापडाचं दुकान खाली, घर वर, आणि साधू-साध्वींच्या प्रवचनाला जायचं जैन स्थानक चार दारं सोडून. बाबूजींनी ती कशासाठी घेतली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता त्यांना चालवता येत नाही, म्हणून मी चालवते, म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते आणि महिन्यानं किल्ली फिरवली की नुसतं टकटक करते. बॅटरी उतरलेली. मग शेजाऱ्यांना हाका मारायच्या, धक्का द्यायचा, ओशाळं हसायचं. बारा वर्षं हे असंच चालू होतं.

यंदा मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. मासी महाराजांचा चातुर्मास जुन्नरला होता. तुझी धाकटी बहीण. माझ्या जन्माआधीच तिनं दीक्षा घेतली, म्हणून मला ती मासी म्हणून कधी मिळालीच नाही, महाराज म्हणूनच मिळाली. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. चातुर्मास संपला की शेवटचा पायी प्रवास करून खानदेशात जाणार आणि तिथे कायमच्या एका जागी राहणार. बाबूजी ब्याऐंशीचे. म्हणजे भेट व्हायची तर या चार महिन्यांतच, नाहीतर नाही. पर्युषणात एका सकाळी बाबूजी पांढरी टोपी घालून मागच्या सीटवर बसले, मी किल्ली फिरवली, आणि टकटक. पाच जणांनी गाडी शेडमधून बाहेर काढून बाजारातून ढकलली. कोपऱ्यावरचा चहावाला कपबशा विसळता विसळता ओरडला, "शेठ, ही मोटार हाय का हातगाडी?" सगळे हसले. बाबूजीही हसले. मग ते उतरले, कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेले आणि म्हणाले, "योग नव्हता. विकून टाक ती." मी जीप सांगते म्हटलं, तर म्हणाले, "आपली गाडी दारात असताना दुसऱ्याची कशाला?" एकीकडे गाडी विकायची आणि दुसरीकडे तिच्याशिवाय जायचं नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये ते अडीच महिने बसून राहिले. दुकानात उतरायचेसुद्धा बंद झाले.

दसऱ्यानंतर मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मला वाटलं, नवी बॅटरी घाल म्हणेल. त्यानं बॅटरी चार्ज करून आणली, वायर सोडून मध्ये मीटर लावला आणि मान हलवली. "बॅटरी कडक हाय, मॅडम. गाडीच पिती."

"उभी असताना?"

"उभी असतानाच तर! घड्याळ हाय, टेप हाय, लॉक हाय. समदी थोडं थोडं पित बसत्यात. रोजच्या गाडीला कळत न्हाई, ती पळून भरून काढती. तुमची नुसती बसून खाती."

"पण कोणासाठी?" मी विचारलं.

"आं?"

"शेडमध्ये कोणी नसतं. घड्याळ कोणासाठी चालतं?"

"आता ते कंपनीला इचारा," तो म्हणाला आणि मिशीत हसला.

तो हसला, मी मात्र जागच्या जागी थबकले, कारण तो प्रश्न माझा नव्हता. बाई, तो तुझा होता, 'कोणासाठी'सकट. मी वीस वर्षांची आहे, पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आले आहे, आणि तू स्वयंपाकघरात कणीक मळते आहेस. तू मान वर न करता म्हणतेस, "वरच्या खोलीतला पंखा कोणासाठी फिरतोय?" मी म्हणते, "फिरू दे ना, कोणाचं काय बिघडतं?" तू उठतेस, पिठाच्या हातांनी जिना चढतेस, कोपरानं बटण पाडतेस आणि खाली येऊन पुन्हा कणकेला बसतेस. "कोणी नसताना जे फिरतं, ते आपल्या नावावर फिरतं." एवढंच. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं की माझ्या आईचा धर्म म्हणजे बटणं बंद करण्याचा धर्म. ते वाक्य मला फार हुशारीचं वाटलं होतं. तू रोज सकाळी नियम घ्यायचीस. आज इतकेच पदार्थ, आज इतक्याच अंतरापर्यंत, आज वाहन एकच किंवा एकही नाही. माणसानं इतकं आखडून का जगावं, असं मला वाटायचं. तुझ्या तोंडावर ते कधी बोलले नाही, हे धाडस होतं की भित्रेपणा, अजून ठरत नाही.

मिस्त्रीनंच उपाय सांगितला. "कट-ऑफ बसवा. बॅटरीवरच खटका. गाडी उभी केली की फिरकी सोडायची, विषय संपला." त्यानं पितळी तुकडा आणून दिला, त्याच्या डोक्यावर हिरवी फिरकी. घट्ट केली की जोड, सैल केली की तोड. तो प्लसला लावतो म्हणाला. मी म्हटलं, मायनसला. तो तुकडा येईपर्यंतचा आठवडा मी याबद्दल वाचत होते. प्लसवर पाना फिरवताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, मायनसवर टेकला तर काही होत नाही. तो म्हणाला, "आता तुमी आमाला शिकवनार व्हय?" मग पान्याकडे बघत, "पण बरोबर हाय तुमचं." हे वाक्य मी डायरीत तारखेसकट उतरवून ठेवलं आहे. शनिवारी येऊन बसवतो म्हणाला. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. दिवाळीची गर्दी. चातुर्मास संपत आला होता, म्हणून मी ओढणी खोचली आणि स्वतःच बॉनेट उघडलं.

दहाच्या पान्यानं मायनसचा नट सैल केला. वायर बाजूला घेतली, खटका बॅटरीच्या खुंटीवर बसवला, वायर खटक्याला आवळली. लिहिताना एक ओळ होते, करताना दीड तास लागला, कारण प्रत्येक नट मी तीनदा तपासला. मग शंका आली, फिरकी बॉनेटला घासली तर? डोळ्यांनी दिसेना. मी वर जाऊन कणकेची गोळी आणली, फिरकीवर ठेवली, बॉनेट लावलं, पुन्हा उघडलं. गोळी तशीच गुबगुबीत होती. म्हणजे वर बोटभर जागा आहे. मिस्त्रीला हे नंतर सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, तुमी गाडीला पोळ्या करून घाला आता." कणीक गाईला दिली, वाया घालवली नाही, हे तुला सांगायला हवं. फिरकी सोडली आणि दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. घड्याळाचे आकडे विझलेले. मग मी ऐटीत रिमोट दाबला आणि दाबतच राहिले. वीज तोडल्यावर रिमोट कुठून चालणार! शेवटी किल्लीनं दार लावलं. कोणी पाहिलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. रोज वाटायचं, एकदा चालू करून बघावी. पण चालू केली की बॅटरी पुन्हा भरणार, आणि मग कळणारच नाही की खटका चालला की नाही. म्हणून अठरा दिवस मी तिला हात लावला नाही. यात प्रामाणिकपणा किती आणि हट्ट किती? बाबूजींच्या शेवटच्या भेटीवर मी प्रयोग करत होते का? हा प्रश्न सुटेना, तेव्हा मी त्यांना नकळत जीपवाल्याला सांगून ठेवलं की त्या पहाटे फोन जवळ ठेव.

चातुर्मास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत, बाबूजी टोपी घालून शेडमध्ये आले. बसले नाहीत, दाराला धरून उभे राहिले. मी फिरकी आवळली, बॉनेट लावलं, आत बसले आणि किल्ली फिरवली. बाई, टकटक नाही. अर्ध्या वळणात सुरू. पहिल्यांदा जरा थरथरली, मग आवाज एकसारखा झाला. "लागली?" बाबूजींनी विचारलं, जणू आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. "लागली," मी म्हटलं, आणि माझा आवाज गाडीपेक्षा मोठा आला. कोपऱ्यावर चहावाला शेगडी पेटवत होता. "शेठ, आज धक्का न्हाई?" बाबूजींनी काच खाली केली. "आज सुट्टी तुमाला!"

जुन्नरला पोहोचलो तेव्हा महाराज पायऱ्यांवरच होत्या, निघण्याच्या तयारीत, पाठीवर पुस्तकांची झोळी. बाबूजींनी वंदन केलं आणि पहिलं काय बोलावं? "महाराज, पोरीनं स्वतः गाडीला खटका बसवला!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाहनात कधी न बसणाऱ्या साध्वी यंत्राचं कौतुक करणार नाहीत, हे बाबूजींना माहीत होतं, मला माहीत होतं. महाराजांनी माझ्या नखांतली काळी रेघ पाहिली. "चालू करण्याबद्दल मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "बंद करता येतं, ते चांगलं." मग त्या निघाल्या, आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत चढणारे बाबूजी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्यामागे गावाच्या वेशीपर्यंत चालत गेले. तिथे महाराजांनी निरोपाचं मंगल वचन, मांगलिक ऐकवलं. बाबूजींनी डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं. बाई, मी खूप परीक्षा पास झाले, पण निकाल असा समोर उभा राहिलेला कधी पाहिला नव्हता.

हे पत्र डायरीतच राहणार आहे. त्यात तुला एक गोष्ट सांगायची राहते. निघताना महाराज मला म्हणाल्या, "एक नियम घेऊन जा. महिनाभर कामाशिवाय वाहन नाही." सोपा होता. वर्षातले दहा महिने मी तो न घेताच पाळते. मी हात जोडले आणि म्हटलं, "पुढच्या वेळी, महाराज." पुढची वेळ नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या रागावल्या नाहीत, मला त्याचंच वाईट वाटलं. पण जुन्नरला येतानाच बाबूजी म्हणाले होते, "धरण भरलंय म्हणतात, परतताना मढ गावाकडून जाऊ." आम्ही गेलो. काच खाली करून, पाण्याच्या कडेकडेनं, घराच्या उलट्या दिशेला. काम काहीच नव्हतं, बाई. लई मजा आली.