नानांची ओळ वर ठेवली

परळ, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बकुळाकाकूस, उन्मेषचा सविनय जयभीम.

गुडघे कसे आहेत? शीवला लेकीकडे आरामाला गेलीयस, तिथे चपात्या लाटत बसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही. तुझी प्रिती इकडे कामाला येतेच, म्हणून तिच्या हाती चिठ्ठी देतोय.

काकू, माझ्या हातून मोठी चूक झाली. इस्पितळातल्या पेशंटांना आपलं मंडळ जेवण देतं, त्या ताटांच्या चिठ्ठ्या, नानाकाका गेले तरी, अजून त्यांनीच पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम छापतो. यंदा पेशंटच्या नातेवाइकांनाही जेवण सुरू केलं. म्हणून मी नानांच्या मॉड्यूलची, म्हणजे पथ्य बघून ताट ठरवणाऱ्या तुकड्याची, कॉपी केली, पथ्याची तपासणी काढली आणि नातेवाइकांसाठी दुसरं मॉड्यूल केलं. मुख्य प्रोग्रॅममध्ये मॉड्यूलला बोलावणाऱ्या use च्या ओळी असतात, तिथे थोरल्यांचा मान म्हणून नानांची ओळ वर ठेवली, माझी खाली. वाटलं, वरच्याचाच शब्द चालेल. काल किडनीच्या पेशंटच्या चिठ्ठीवर पापड-लोणचं! त्याच्या बायकोने, गंगुबाईने, ताट परत केलं म्हणून निभावलं. आज ती आपलं जेवण घेतच नाही. नवऱ्याला नुसता भात भरवते.

तो माणूस आधीच अर्धा झालाय गं. नानांचं नाव मी घालवलं. उद्यापासून मशीन बंद, मी पण बंद.

तुझा उन्मेष

शीव, ४ फेब्रुवारी

चि. उन्मेष, जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

मशीन बंद, मी पण बंद! वा रे शहाण्या. रडून झालं असेल तर वाच.

पर्लला मानपान कळत नाही, हे मी नानांच्या शेजारी बसून शिकलेय. use च्या ओळी ते वरून खाली घेतं, बाकी काही चालवायच्या आधी. नानांच्या मॉड्यूलने जेवण ठरवणारं ‘ताट’ नावाचं फंक्शन आणून दिलं. खालून तुझ्यानेही त्याच नावाचं आणलं, ते गुपचूप आधीच्या जागी बसलं. शेवटी येईल त्याचंच चालतं. आता ओळींची अदलाबदल करशील, तर नातेवाईक बिनमिठाचं जेवतील. दोन्ही ओळींत मॉड्यूलच्या नावापुढे रिकामा कंस दे. मॉड्यूल लोड होतं, पण आपली नावं घुसवत नाही. मग ज्याचं ताट हवं, त्याला मॉड्यूलच्या नावासकट हाक मार.

खरं सांगू? तो प्रोग्रॅम चालतोय तोवर नाना परळला कामावर गेलेत, असं मी स्वतःला समजावते. वेडी आहे मी. पण प्रोग्रॅम गेला तरी चालेल रे, गंगुबाईचा नवरा जेवला पाहिजे. आणि तू पळालेला मला चालणार नाही. आधी तिच्यापुढे चूक कबूल कर, मग मशीनपुढे बस.

माझी माया आहेच, ती काय कुठे जातेय.

तुझी काकू

परळ, ६ फेब्रुवारी

ती. काकूस सविनय जयभीम.

तुझा ओरडा लागू पडला. आधी गंगुबाईकडे गेलो. चूक कॉम्प्युटरची नाही, माझी आहे, असं सांगितलं. ती डबा धूत राहिली. मला फार लाज वाटली.

मग रिकामे कंस दिले, पूर्ण नावाने हाका मारल्या. महिन्याभराच्या सगळ्या पेशंटांच्या चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. मंडळातल्या प्राचीने आणि मी एकेक ताडून पाहिली. सगळ्या बरोबर निघाल्या.

आज दुपारी ताट मीच घेऊन गेलो. गंगुबाईने चिठ्ठी वाचली, भाजी चाखली, चिठ्ठी पुन्हा वाचली. मग तिने नवऱ्याला उठवून बसवलं आणि पहिला घास भरवला. मला म्हणाली की उद्याही तूच आण, दुसऱ्याच्या हाती नको.

उद्या जायचंय, म्हणून इथेच थांबतो. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा उन्मेष