आई थांबायची तिथे

प्रिय दक्षता,

फोनवर कोपरीच्या घराचं नाव ऐकलं की तू ठेवून देतेस, आणि तुझं काही चुकत नाही. म्हणून लिहितोय. बाबांनी जेवण जवळजवळ सोडलंय, आणि त्याला कारण मी दुरुस्त केलेला कम्प्युटर आहे. हसू नकोस.

आपली आई धवलारीण. धवले गाऊन तिने किती लग्नं लावली, पण लिहिता येत नव्हतं, म्हणून शेवटच्या आजारपणात मी तिला कम्प्युटरला माइक लावून दिला. आठवेल तसे ती धवले म्हणायची आणि बाबा त्याच एका फाइलला जोडत जायचे. सगळी मासळी एका टोपलीत, बाबांचं कामच तसं. ती गेल्यावर रोज तिन्हीसांजेला ते ती फाइल लावून बसायचे.

दिवाळीनंतर म्हणाले, "तुजी आय अडत अडत गाते." खरंच, एक-दोन ओळी झाल्या की आवाज बंद, डिस्कची नुसती घरघर, मग पुढची ओळ. वागळे इस्टेटमध्ये मी दिवसभर लोकांचे कम्प्युटर बघतो, घरच्याकडे बघायला सवड नाही. शेवटी एका रविवारी उघडला. व्हायरस नव्हता, मेमरी ठीक, डिस्कही धड होती. मग ती फाइल तपासली, तर तिचे हजारो तुकडे. डिस्क गच्च भरलेली, त्यामुळे आई नवीन काही म्हणाली की मिळेल त्या फटीत तो तुकडा जाऊन बसलेला. ते गोळा करताना डिस्कची दमछाक व्हायची. मी फालतू सामान काढलं, डीफ्रॅग लावलं, तुकडे एकापुढे एक बसले. आई सलग गायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो.

बाबांनी थोडं ऐकलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर कम्प्युटरला हात लावलेला नाही.

कारण शेजारच्या मंदाकिनीकाकूंनी सांगितलं. धवल्यात एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची. मला सवड होईपर्यंत आई अडली की बाबा ती ओळ उचलायला लागले होते. लग्नात कधी तोंड न उघडणारा हा माणूस. मी बाबांना म्हटलं, बटण दाबून थांबवा की. म्हणाले, "मी थांबवून काय उपेग? ती थांबली पायजे." आता मी ते तुकडे पुन्हा करायला बघतोय आणि मला जमत नाहीये. बाबा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतात. मला काहीच सुचत नाही गं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फाइलच्या शेवटी एक धवला आहे, मी तो परवा पहिल्यांदा ऐकला. त्यात नवरीचं नाव दक्षता आहे. तू मानपाड्याच्या राजरत्नशी रजिस्टर लग्न केलंस तेव्हा बाबांनी आईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तिचा राहून गेलेला धवला तिने माइकसमोर म्हटला. काकू सांगतात, बाबा रोज शेवटी तोच ऐकायचे, आणि ओळीत तुझं नाव आलं की त्यांचा आवाज फाटायचा. ते तुला बोलावणार नाहीत, ताठा अजून तसाच आहे. तू येशील अशी मलाही आशा नाही. पण लहानपणी आईच्या मागे ओळ उचलायला तूच असायचीस, तुला चाल येते. एकदा ये. आईची ओळ तू म्हण, आणि जरा थांब.

तुझाच,
प्रणितदादा